वाघरीतलं पिवळं सूत

कडूबाईला राग यायला फार काही लागायचं नाही. चूल धुमसली तर ती चुलीला शिव्या घालायची, घोडं अडलं तर घोड्याच्या सात पिढ्या उद्धरायची, आणि नवऱ्यानं दुसऱ्यांदा चहा मागितला तर त्याच्याही. तळावरचं कुणी ते मनावर घेत नसे. पण हिंगणमाळात त्या सकाळी तिला जो राग आला, तो आजतागायत उतरलेला नाही. आणि उतरावा तरी का?

झालं असं. ज्वारी निघाली होती, रानं मोकळी झाली होती, आणि तिच्या नवऱ्याचा, गहिनीनाथाचा तळ दरसालसारखा अर्जुनरावांच्या काळ्या रानात पडला होता. अर्जुनराव म्हणजे हिंगणमाळातलं मोठं खटलं. पंचायत त्यांच्या शब्दावर हलायची. उन्हाळा लागला की त्यांचा निरोप यायचा, "गहिनीनाथ, मेंढरं आमच्याच रानात बसव." मेंढरं रानात बसली की लेंड्यामुताचं खत पडतं, जमीन पिकते, आणि बदल्यात धनगराच्या बिऱ्हाडाला ज्वारी मिळते. रिवाज जुना, दोघांच्याही बापांपासूनचा. मेंढरांभोवती वाघर उभी करायची, म्हणजे सुताचं जाळं, आणि मेखा ठोकून ती ताणायची. सकाळी मेखा उपटायच्या, वाघर पुढं सरकवायची, म्हणजे रोज नव्या जागेला खत.

गहिनीनाथ मेखा उपटत होता. कडूबाई चुलीपाशी होती. तिची सासू बायडाबाई कोकरांजवळ बसली होती. कोकरं वेगळ्या लहान जाळ्यात असतात, सकाळी एकेक सोडून आईला लावायची, पोटभर पाजायची आणि मग मेंढरं चरायला न्यायची. त्या दिवसाचं पाजणं अजून व्हायचं होतं.

तेवढ्यात फटफट्या वाजल्या. पुढं बजरंग, अर्जुनरावांचा एकुलता एक, मागं गावातली पाच-सहा पोरं.

"ए गहिन्या! कुणी तोडली बे केबल?"

"कसली केबल, मालक?" गहिनीनाथ हातात मेख धरून तसाच उभा राहिला.

बजरंगला सगळे ओळखत होते. गावात इंटरनेटची केबल आणायचं काम बीडच्या एका कंपनीकडून त्यानंच घेतलं होतं. वेशीवर त्याचा फोटो लावलेला फलक होता, हात जोडलेला, गॉगल घातलेला. आदल्या दिवशी ती केबल कुठंतरी तुटली आणि सगळं बंद पडलं. पंचायतीतला कम्प्युटर बंद, रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन बंद. टॉवरही त्याच केबलीवर, म्हणून फोनसुद्धा मुके. सगळं गाव बजरंगच्या नावानं बोटं मोडत होतं. मग बजरंगला कुणीतरी पाहिजेच होतं की, आपल्या वाट्याची बोटं ज्याच्यावर मोडता येतील असं.

"मेखा ठोकून ठोकून भोसकली तू तिला," बजरंग म्हणाला. "ह्याच रानातून गेलीय केबल."

कडूबाईनं हातातलं जळण चुलीत टाकलं आणि ती उठली.

"किती खोल हाय तुमची केबल?"

"छातीइतकी! पाइपात घालून पुरलीय. सरकारी काम हाय, गम्मत न्हाई."

कडूबाईनं नवऱ्याच्या हातातली मेख हिसकून घेतली आणि बजरंगच्या नाकासमोर धरली. मातीचा डाग होता तिथं बोट ठेवलं. "ही बघ. वीतभर जाती जमिनीत. छातीइतकी खोल कशी गेली सांग की मला. का तुझी छाती वीतभर हाय?"

मागची पोरं फिस्सकन हसली. तिथंच घोटाळा झाला. बजरंग रागावला असता तर रागावून गेला असता, पण चारचौघांत हसू झालेला माणूस रिकाम्या हातानं परत जात नाही. तो इकडंतिकडं बघायला लागला. घोडं, भांडी, घोंगड्या, वाघर. वाघरीवर त्याची नजर थांबली.

"हे काय हाय?"

करड्या सुताच्या वाघरीत जागोजागी पिवळ्या गाठी होत्या. जिथं जिथं जाळं फाटलं होतं तिथं तिथं कडूबाईनं पिवळ्या दोऱ्यानं सांधलं होतं. झकास सांधलं होतं, ते काम बघून पाटोद्याच्या बाजारात दोन बायांनी तिला विचारलंही होतं.

"हे केबलीच्या आतलं सूत हाय!" बजरंग ओरडला. "बघा रे, बघा! खणून काढली केबल ह्यांनी. सुतासाठी तोडली. चोर तर घरातच बसलाय आपल्या."

आता त्या सुताची गोष्ट अशी. पौषात ह्याच वाटेनं जाताना सडकेकडेला बजरंगची माणसं केबल टाकत होती. उरलेले तुकडे त्यांनी चारीत फेकून दिले होते. कडूबाईनं एक उचलला. वरचं काळं साल विळ्यानं फाडलं, तर आत पिवळंधमक सूत, केसासारखं बारीक. दातानं तोडून बघितलं, तुटेना. हाताला गुंडाळून ओढलं तर बोट कापलं, पण सूत तसंच. दुसऱ्या कुणी बाईनं ते फेकून दिलं असतं. धनगराच्या बाईच्या हाती चांगलं सूत लागलं आणि तिनं ते टाकलं, असं कधी झालंय का? तिनं सगळे तुकडे गोळा केले, बोकडाच्या केसात घालून टकळीवर कातले आणि वाघर सांधली. कोल्ह्याच्या बापाला तुटणार नाही, असं सासूला हौसेनं दाखवलं.

हे सगळं तिनं बजरंगला सांगितलं. ओरडून सांगितलं, शपथ घालून सांगितलं. बजरंग म्हणाला, "चारीत सापडलं म्हणे! अन् मलाबी आभाळातून पडलेलं सापडलं आता." पोरं पुन्हा हसली. ह्या वेळेला तिला.

मग त्यांनी मेंढरं हाकली. सगळ्या आया, न पाजलेल्या, तटतटलेल्या कासेच्या, फटफट्यांच्या आवाजानं बुजलेल्या. पंचायतीशेजारच्या कोंडवाड्यात नेऊन कोंडल्या आणि दाराला कुलूप घातलं. इकडं जाळ्यात कोकरं ओरडायला लागली.

*

कोंडवाड्यापुढं लिंब आहे. त्याच्या पारावर अर्जुनराव बसले होते, पांढरीफेक टोपी, काठी मांडीवर आडवी. पोरांनी पुरावा म्हणून आणलेली वाघर पुढ्यात पडली होती. गाव जमलं होतं. उन्हं चांगली वर आली होती. भिंतीपलीकडून मेंढरांचा आवाज येत होता, आणि वाऱ्याची दिशा फिरली की रानातल्या कोकरांचाही.

"मालक, कोकरं उपाशी हायेत," गहिनीनाथ हात जोडून म्हणाला. "पाजून घेऊ द्या. मग काय म्हणाल ते."

"अरे, मला का हौस हाय?" अर्जुनराव मऊ आवाजात म्हणाले. ह्या माणसाचा आवाज नेहमीच मऊ. "पण गावाचं नुकसान झालंय. पोरगं म्हणतं ते कबूल करून टाक, विषय संपला. मुक्या जनावराशी आमचं काय वैर?"

बजरंगनं फोन काढला. "हितं उभा ऱ्हा. व्हिडिओत बोल. मी गहिनीनाथ, केबल मी तोडली, सुतासाठी तोडली, गावाची माफी मागतो. एवढं बोल, की कुलूप उघडतो. नेट आलं की ग्रुपवर टाकतो. लोकांना कळू दे कुणामुळं बंद होतं."

गहिनीनाथ फोनकडं बघत राहिला. गरीब माणूस, आयुष्यात कुणाला उलटून बोललेला नाही. त्यानं डोक्यावरचं मुंडासं नीट केलं. फोटो काढायचा असल्यासारखं.

"काय करताव?" कडूबाई आडवी आली.

"बोलून टाकतो गं. काय जातंय आपलं?"

"काय जातंय?" तिचा आवाज चढला. "मेंढरांच्या आधी आपलं नाव गावात पोचतं, ठावं न्हाई का तुमाला? चकलांब्यापत्तोर जायचंय आपल्याला. कोण बसू देईल रानात? वस्तीवस्तीवर फोनात तुमचं तोंड दिसंल. केबलचोर आला म्हणतील. पोरं दगडं मारतील. मेंढरं घेऊन काय आभाळात चारायची?"

"अन् कोकरं मेली तर?"

कोकरं ओरडतच होती. तिला एकेकाचा आवाज ओळखू येत होता, कुठलं जुळ्यातलं, कुठलं काळतोंडी मेंढीचं. काळतोंडीचं तर जन्मल्यापासूनच अशक्त, सकाळचं दूध चुकलं की मान टाकायचं. तिनं दात आवळले.

"मरू द्या," ती म्हणाली. "पण खोटं बोलायचं न्हाई. बोललाव तर मी तुमच्या तळावर पाय ठेवणार न्हाई. सांगून ठेवते."

बाई कसली कैदाशीण आहे, असं पारावरच्या बायांच्या तोंडावर दिसत होतं. दिसू दे. कोकरं मरू द्या म्हणताना तिच्या छातीत काय झालं ते त्यांना कुठं दिसत होतं?

*

दुपारी बीडहून केबल जोडणारी बाई आली. अंजू तिचं नाव. स्कूटीवर पुढं पेटी, पाठीवर बॅग, तोंडाला ओढणी बांधलेली. कंपनीनं पाठवलेली होती. कुठं काही तुटलं की हिला धाडायचे. तिनं पंचायतीत जाऊन केबलीच्या टोकाला एक यंत्र लावलं. त्या यंत्रातून केबलीत उजेड सोडतात. केबल तुटली असेल तिथून तो माघारी येतो, आणि किती लांबून आला ते यंत्र सांगतं.

कडूबाई खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होती. कुणी हटकलं तर हटकू दे.

"तूट ओढ्याच्या बांधापाशी आहे," आलेलं अंतर केबलीच्या नकाशावर मोजून अंजू म्हणाली.

"न्हाई मॅडम, त्या धनगराची वाघर व्हती तिथं हाय," बजरंग म्हणाला.

"वाघर कुठं होती?"

"सडकेच्या अंगाला."

"मग तिथं नाही. ओढा पार पलीकडं."

बजरंगनं दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, वाघरीपाशी म्हणून सांगा. तुमचंबी काम पटकन उरकंल. कशाला उन्हात ओढ्यापत्तोर जाताव? तिथली मी माझी बघून घेतो."

अंजूनं केबल यंत्रातून काढली. यंत्र मिटायला लागली. कडूबाईनं खिडकीचे गज धरले आणि आत तोंड घातलं.

"ए बाई! तोंड शिवलंय का तुझं? आत्ता बोललीस ना ओढ्यापाशी? मग भाईर येऊन बोल! माझी मेंढरं कोंडलीत तिकडं, कोकरं मरायला लागलीत, अन् तू पेटी आवरती?"

"मावशी, मला फक्त जोडायला पाठवलंय," अंजू म्हणाली. तिची मान खाली होती.

"मग जोड की! तुटलंय तिथंच जोडशील ना? का वाघरीपाशी जोडून ओढ्यातलं नीट होतंय?"

अंजूनं मान वर केली. बघितलं कडूबाईकडं. मग पेटी उचलली आणि सरळ बाहेर पारापाशी जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तूट ओढ्याच्या बांधापाशी आहे. खणायला दोन माणसं द्या."

माणसं हलायच्या आधी कडूबाईनं वाघर डोक्यावर घेऊन कुणाचीतरी कुदळ उचलली होती.

*

सगळं गाव ओढ्यावर गेलं. अर्जुनरावही काठी टेकत आले. न येऊन करतात काय? अंजूनं जागा दाखवली. तिथं कुणाच्या मेखेचं भोक नव्हतं, मेंढराची लेंडीसुद्धा नव्हती. उन्हानं काळी माती भेगाळली होती, पाय अडकेल अशा भेगा, आणि बांधाच्या कडेला घुशींची बिळं.

कडूबाईनं पहिली कुदळ घातली. तिच्या हातावर कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून मग गावातल्याच दोघांनी खणलं. छातीइतकं कशाला, गुडघ्याइतकंही खणावं लागलं नाही. कोपरभर खाली काळी केबल उघडी पडली. पाइप नाही, बिइप नाही. नुसती मातीत घातलेली. आणि बिळाच्या तोंडाशी तिचं साल कुरतडून काढलेलं, आतल्या रंगीत नळ्या उघड्या, दोन तुटलेल्या, बाकी चावलेल्या. कुरतडलेल्या जागेतून पिवळं सूत बाहेर आलेलं, मक्याच्या कणसाच्या केसांसारखं.

"घुशीनं खाल्ली की हो ही!" कुणीतरी म्हणालं.

"घूस खाणारच," बजरंग घाईनं म्हणाला. "जनावराला कोण काय करणार? देवाची करणी. मॅडम, जोडून टाका."

पण अंजू खाली बसली होती. तिनं चाकूनं केबलीचं साल लांबवर उभं चिरलं आणि आतलं सगळं उलगडून हातावर घेतलं. पुन्हा बघितलं. मग बजरंगला विचारलं, "ही केबल तुम्हाला कुणी दिली?"

"केबल म्हंजे केबल," मागून अर्जुनराव म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"लई हाय," अंजू म्हणाली. तीही आता तापली होती, शहरातलं बोलणं सोडून तिच्या घरचं तोंडात आलं. "आतली काच सगळीकडं एकच, केसाएवढी. तिला जपायचं कसं ते जागेवर ठरतं. समुद्रात टाकायची तर भोवती लोखंडी तारा असतात. घरात लावायची तर आग लागली तरी धूर करणार न्हाई असं साल असतं. खांबावर टांगायची तर तिला तिचं वजन पेलावं लागतं, वारं सोसावं लागतं, म्हणून तिच्यात हे पिवळं सूत भरतात. ओढून तुटत न्हाई ते. पण जमिनीत कोण ओढतंय तिला? जमिनीत घूस असती. काळी माती उन्हाळ्यात फाटती, पावसाळ्यात फुगती अन् आवळती. म्हणून ह्या कामाला जी केबल मंजूर होती तिच्यात सालाखाली पोलादी पत्रा हाय, सगळीकडून गुंडाळलेला. घुशीचे दात लागत न्हाईत त्याला. वरनं पाइप, अन् खोल पुरायची. तिच्यात पिवळं सूत नसतंच." तिनं हातातला झुपका वर धरला. "ही खांबावरची हाय. स्वस्तातली पुरलीय ह्यांनी."

कडूबाईला बाकीचं कळलं न कळलं, पण एक गोष्ट लख्ख कळली. तिनं डोक्यावरून वाहून आणलेली वाघर सगळ्यांपुढं आपटली, पिवळी गाठ धरून ती बजरंगपुढं गेली.

"सकाळी काय म्हणालास? हे केबलीतलं सूत हाय म्हणालास ना? सगळ्या गावानं ऐकलं. खरं बोललास रे बाबा, जन्मात एकदा! तुझ्याच केबलीतलं हाय. पत्र्याच्या जागी हे घातलंस अन् तुकडे चारीत फेकून दिलेस. अन् चोर कोण? मी?"

"ए, तोंड सांभाळून—"

"न्हाई सांभाळत! सकाळपासनं सांभाळलं. कावून कोंडली मेंढरं माझी? आं? घुशीला कोंडता आलं न्हाई म्हणून?"

गर्दीतून म्हातारी भिवराबाई पुढं आली, आदला दिवसभर अंगठ्याच्या मशीनपुढं बसून माघारी गेलेली. "बजरंग्या," ती म्हणाली, "कुलूप काढ." मग सगळेच ओरडायला लागले. सकाळी हेच लोक मेंढरं कोंडताना बघत उभे होते, हे कडूबाई विसरली नव्हती. पण आत्ता ते ओरडत होते ते बरं होतं.

अर्जुनरावांनी काठीनं खूण केली. कुलूप निघालं.

*

मेंढरं सुटली ती सुसाट रानाकडं धावली. हाकावं लागलं नाही. कासा दुखत होत्या त्यांच्या, आणि कोकरांचे आवाज त्यांनाही ऐकू येत होतेच. तळावर नुसता कल्लोळ झाला. जाळं सोडल्याबरोबर जे ते आपापल्या आईला जाऊन चिकटलं. शेपट्या हलायला लागल्या, आणि हळूहळू तो आवाज बसला.

एकटी काळतोंडी ओरडत फिरत होती. जाळ्यापाशी जायची, हुंगायची, परत फिरायची. कडूबाईनं सासूकडं बघितलं. बायडाबाईनं पदराखालून घोंगडीचा तुकडा काढला. त्यात कोकरू होतं.

"दुपारीच गेलं," म्हातारी म्हणाली. "चिंधीनं पाणी पाजलं, लई पाजलं. घेईना. तुला कसं सांगावा धाडू? तू तिकडं भांडत व्हतीस."

कडूबाई तिच्यापाशी बसली. कोकराची मान हातात घेतली, अजून मऊ होती. मरू द्या असं आपणच म्हणालो होतो, हे तिला आठवलं. मग रडू आलं, आणि रडता रडता इतका संताप आला की तिनं मूठभर माती उचलून गावाच्या दिशेनं भिरकावली. "मुडदा बशिवला तुझा, बजरंग्या!" ती ओरडली. गहिनीनाथ शेजारी येऊन बसला. नेहमीसारखं गप्प बस म्हणाला नाही.

दिवस कलताना अर्जुनराव आले, पायी. मागं बजरंग, खांद्यावर नव्या कोऱ्या नायलॉनच्या जाळ्याची गुंडाळी, हिरवीगार.

"कडूबाई, झालं गेलं विसरून जा," अर्जुनराव मऊ आवाजात म्हणाले. "पोराचं चुकलं. तळ हलवू नका. अर्धं रान बसायचं राहिलंय अजून. वाडवडिलांचा रिवाज हाय आपला."

कडूबाई मेखा गोळा करत होती.

"अन् ही नवी वाघर आणलीय तुमाला," ते म्हणाले. "ती जुनी दे इकडं. फाटलीय ती."

तेव्हा तिनं मान वर केली. बजरंगचे डोळे जुन्या वाघरीवर होते. गावात आधीच चर्चा होती, वरून तपासणीला माणसं येणार म्हणून. पुरलेली सगळी केबल हा त्याआधी उपटून काढणार होता, आणि सडकेच्या चारीतले तुकडे तर तिनंच वेचून नेले होते. म्हणजे राहिली कुठं ती केबल? फक्त हिच्या जाळ्यात.

"सकाळी हीच वाघर माझ्यावरचा पुरावा व्हती," कडूबाई म्हणाली. "आता कावून पाहिजे तुमाला?"

"अगं, नवी देतोय—"

"माझं कोकरू द्या. आणा, हाय का तुमच्याकडं? मग देते वाघर."

बजरंग पुढं आला आणि त्यानं जुन्या वाघरीचं टोक धरून ओढलं. तिनं सोडलं नाही. त्यानं पिवळी गाठ हाताला गुंडाळून हिसका दिला. करडं सूत तटकन तुटलं, पिवळं काही तुटेना. पुन्हा हिसका दिला, तशी गाठ त्याच्या बोटात रुतली आणि रक्त आलं. तो शिवी देऊन मागं सरला, बोट तोंडात घालून.

"तोड की," कडूबाई म्हणाली. "तूच पुरलंयस ना? तोड!"

अर्जुनरावांनी पोराला दंडाला धरून ओढून नेलं. हिरवं जाळं तिथंच पडलं. बायडाबाईनं ते पायानं बांधाकडं लोटलं.

तळ त्याच संध्याकाळी उठला. मेंढरं अर्जुनरावांच्या रानातून गेली, पण कडूबाईनं त्यांना उभं राहू दिलं नाही, काठी आपटत पळवत नेलं. ह्या रानाला लेंडीसुद्धा मिळू द्यायची नाही, असा तिचा हट्ट. काळतोंडी सारखी मागं वळून बघत होती, तिला दोर लावून न्यावं लागलं.

पुढं गावं लागत गेली. कडूबाईनं वाघरीतलं तुटलेलं करडं सूत सांधलं, पिवळ्याला हात लावला नाही. चकलांब्याला एका रानात वाघर उभी करताना शेतकऱ्याची बायको बघायला आली. तिची नजर गेलीच.

"काय गं हे पिवळं पिवळं? लई चिवट दिसतंय."

"हे व्हय?" कडूबाईनं हातातली मेख ठोकून घेतली आणि ती सरळ झाली. "बसा, सांगते. हिंगणमाळ म्हणून गाव हाय, पाटोद्याकडं. तिथं एक बजरंग हाय—"

पलीकडून गहिनीनाथ वाघर ताणत होता. आयुष्यात कुणाला उलटून न बोललेला माणूस. तो तिथूनच ओरडला, "नुसतं बजरंग न्हाई. पुरं नाव सांग. बापाचंबी सांग."